वृद्धांच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि कुटुंबाची जबाबदारी

वृद्धापकाळी माणसाचे चालणे कमी होत जाते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी स्वाभाविक मानली जाते की तिच्यामागे एखादा विकार असू शकेल अशी शंकाही पुष्कळदा घरच्यांना येत नाही. रोज सकाळी दुधाच्या केंद्रापर्यंत जाणारे वडील हळूहळू कोपऱ्यावरूनच परत फिरू लागतात. बाजारात जाणारी आई वाटेत दोनदा बसू लागते आणि एक दिवस जाणेच सोडते. विचारले तर 'आता वय झाले' असे उत्तर मिळते व ऐकणाऱ्यालाही ते पटते. यांपैकी अनेकांच्या बाबतीत चालणे आखडण्याचे कारण म्हणजे पाठीच्या कण्यात घडून आलेला एक विशिष्ट बदल असतो, आणि त्यावर उपाय करता येतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. आयुर्मान वाढले तसे कण्याच्या विकारांनी त्रस्त असलेले वृद्धही वाढले आणि पूर्वी ज्या वयात शस्त्रक्रियेचा विचारही झाला नसता, त्या वयात ती होऊ लागली. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. तिच्याविषयीचा निर्णय, तिची पूर्वतयारी आणि तिच्यानंतरचे महिने मात्र रुग्णाला व त्याच्या घरच्यांना पार पाडावे लागतात. हा भाग नीट पार पडला नाही, तर उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेचेही चीज होत नाही.

कण्याची रचना आणि तिच्यातील बिघाड

पाठीचा कणा ३३ मणक्यांचा बनलेला असतो. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असतात. खालचे ९ मणके प्रौढ वयात एकमेकांशी जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड तयार होते. बहुतेक सुट्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एकेक लवचीक चकती असते. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्यामुळे एक नळी तयार होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा जो झुबका नळीतून जातो, त्याला घोड्याच्या शेपटीशी असलेल्या साम्यामुळे 'अश्वपुच्छ' असे नाव आहे. पायांच्या हालचाली, पायांची संवेदना आणि मलमूत्रविसर्जनावरील ताबा हे सर्व या तंतूंवर अवलंबून असते.

वयपरत्वे चकत्यांतील पाण्याचा अंश कमी होऊन त्या बसतात. मणक्यांमधील सांधे झिजतात व फुगतात, कमानींना जोडणारे बंध जाड होतात. परिणामी नळी अरुंद होते आणि तिच्यातील मज्जातंतूंवर दाब येतो. नेदरलंड्समधील उत्रेख्त येथील मज्जाशल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे जे विवेचन केले, त्यानंतर त्याच्याकडे वैद्यकाचे खरे लक्ष वेधले गेले.

या विकाराची एक खूण घरातील माणसालाही ओळखता येते. रुग्ण काही अंतर चालला की त्याचे पाय जड होतात, बधिर होतात किंवा दुखू लागतात. बसल्यावर अथवा पुढे वाकल्यावर थोड्या वेळात त्याला आराम पडतो, कारण वाकलेल्या स्थितीत कण्याची नळी किंचित रुंद होते. म्हणूनच ज्याला शंभर पावले चालणे जड जाते, असा एखादा वृद्ध सायकलवर मात्र दूरवर जाऊ शकतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे येणारे दुखणे निराळे. ते नुसते उभे राहिल्यानेही थांबते. त्यासाठी वाकावे किंवा बसावे लागत नाही.

कण्याचे सर्वच विकार या प्रकारचे नसतात. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब आला, तर हातांचे कौशल्य जाते. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, अक्षर बिघडते, तोल जातो. हाडे ठिसूळ झाल्यामुळे किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो. कण्याचा क्षयही भारतात आढळतो आणि तो बहुधा औषधांनी बरा होतो. तेव्हा आधी अचूक निदान झाले पाहिजे. मात्र एका अवस्थेत विलंब चालत नाही. लघवी अकस्मात तुंबली, मलमूत्रावरील ताबा गेला, जांघेभोवतीची व बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर रुग्णाला त्याच दिवशी, काही तासांच्या आत रुग्णालयात नेले पाहिजे.

निर्णय कोणी आणि कसा घ्यावा

असा आणीबाणीचा प्रसंग वगळता कमरेच्या अरुंद नळीसाठी घाईने शस्त्रक्रिया करण्याचे कारण नसते. अनेक रुग्णांची स्थिती वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही आणि व्यायाम व औषधे यांवर त्यांचे भागते. एमआरआयच्या चित्रात नळी अरुंद दिसते एवढ्यावरून निर्णय करणेही योग्य नाही, कारण कोणताही त्रास नसलेल्या कितीतरी वृद्धांच्या चित्रांतही तसेच दिसते. रुग्णाला कोणत्या गोष्टी करता येईनाशा झाल्या आहेत आणि त्या त्याला पुन्हा करता येण्याची कितपत शक्यता आहे, हा खरा प्रश्न होय.

शल्यविशारदाला भेटण्यापूर्वी काही प्रश्न लिहून न्यावेत. नेमका दाब कोठे आहे? शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? केवळ कमान कापून दाब काढायचा आहे, की स्क्रू आणि सळया बसवून मणके जोडायचेही आहेत? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वीडनमध्ये ५० ते ८० वर्षे वयाच्या २४७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अरुंद नळीच्या या रुग्णांत दाब काढण्याच्या जोडीला मणके जोडल्याने नुसता दाब काढण्यापेक्षा अधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही. मणके अस्थिर असतील किंवा कणा वाकडा झाला असेल, तर ते जोडणे आवश्यक ठरू शकते. तथापि त्याचे कारण समजून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यातही कोणाचा अवमान नाही.

अपेक्षा आधीच स्पष्ट व्हाव्यात. पायांतील कळ बहुधा लवकर कमी होते. बधिरपणा जाण्यास महिने लागतात आणि दाब फार दिवसांचा असेल, तर तो पूर्णपणे जाईलच असे नाही. जुनी पाठदुखी काही अंशी राहू शकते. हे ठाऊक नसेल, तर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण 'शस्त्रक्रिया फसली' अशी समजूत करून घेतो आणि अंथरूण धरतो.

आपल्याकडील कुटुंबांत वडीलधाऱ्यांना काळजी नको म्हणून त्यांच्या आजाराची पूर्ण माहिती त्यांना न देण्याची रीत आहे. मुले डॉक्टरांशी दाराबाहेर बोलतात आणि आईला 'एक छोटेसे ऑपरेशन आहे' असे सांगतात. या रीतीमागे प्रेम असले, तरी ती न्यायाला व विवेकाला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निवाड्यात स्पष्ट केले की, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य ठरत नाही. मुलीच्या वतीने आईची संमती जर चालत नाही, तर आईच्या वतीने मुलाची कशी चालावी? शिवाय पुढचे कष्ट जिला सोसायचे आहेत, तिने निर्णय स्वतः घेतला असेल तरच ती ते मनापासून सोसू शकते.

खर्चाचा विचारही उघडपणे व्हावा. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आयुष्मान भारत योजनेचा लाभ ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, देण्यास प्रारंभ झाला. या योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. रुग्णालय योजनेत समाविष्ट आहे काय आणि त्या शस्त्रक्रियेचा कोणता भाग योजनेत बसतो, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी.

शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करून ती शल्यविशारद व भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावी. तिच्यात वैद्याने दिलेल्या काढ्यांचा व चूर्णांचाही समावेश असावा. रक्त पातळ करणारी औषधे बहुधा काही दिवस आधी थांबवावी लागतात. परंतु ती कोणती व केव्हा थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. आपल्या मनाने औषध थांबवल्यास हृदयविकार असलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. बिडी-सिगारेट सोडणे आवश्यक असते, कारण तंबाखूमुळे हाडे जुळण्यात अडथळा येतो. मशेरी किंवा खैनीची सवय घरातल्या स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत. ती आपुलकीने विचारून घ्यावी.

आहाराकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक वृद्ध स्त्रिया आठवड्यातून दोन-तीन उपवास करतात आणि इतर दिवशीही चहा-पोळीवर वेळ निभावतात. जखम भरून येण्यासाठी व स्नायू टिकण्यासाठी प्रथिने लागतात. ती डाळी, दूध, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांतून रोज मिळावीत. खुर्चीतून हात न टेकता उठणे, दीर्घ श्वास घेणे आणि वॉकर घेऊन चालणे यांचा सराव आधीच झालेला असला, तर नंतर तो सोपा जातो.

याच काळात घराची पाहणी करावी. भारतीय घरातील जीवन बव्हंशी जमिनीलगत चालते. जेवण, पूजा किंवा नमाज, भाजी चिरणे, शौचास बसणे, या सर्वांसाठी खाली बसावे लागते आणि कण्याला काही काळ नेमके तेच वर्ज्य असते. उकिडवे बसण्याच्या शौचकुपावर ठेवण्याची कमोडची खुर्ची, न्हाणीघरात बसण्याचे स्टूल, भिंतीला धरायचा दांडा, रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा आणि हाताच्या खुर्चीत पूजा अथवा नमाज करण्याची सोय, एवढे केले तरी बरेचसे काम होते. उत्तर भारतातील सैल विणीची चारपाई या काळात उपयोगाची नाही. तिच्यात शरीर खोल जाते व कुशीवर वळणे कठीण होते. फळीचा पलंग व घट्ट गादी असावी. जमिनीवरील सतरंज्या व पायपुसणी उचलून ठेवावीत.

रुग्णालयातील दिवस

नुसता दाब काढण्याच्या शस्त्रक्रियेस साधारणपणे एक ते तीन तास लागतात. मणके जोडायचे असल्यास वेळ वाढतो. पूर्वी अशा रुग्णाला दीर्घकाळ झोपवून ठेवीत. आता शल्यविशारदाची अनुमती असेल, तर त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. हे पाहून नातेवाईक घाबरतात व 'आज राहू द्या' अशी विनंती करतात. ती करू नये. उठून हिंडल्याने फुप्फुसे मोकळी राहतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव कमी होतो आणि आतडी लवकर कामाला लागतात. वेदनांमुळे हालचाल अडत असेल, तर ते परिचारिकेला सांगावे. वेदना मुकाट्याने सोसण्यात या वेळी कोणताही लाभ नाही.

वृद्ध रुग्णांच्या बाबतीत एका गोष्टीची पूर्वकल्पना असणे अत्यंत आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः संध्याकाळी व रात्री, त्यांच्यापैकी काहींना भ्रम होतो. आपण कोठे आहोत हे समजत नाही, नसलेली माणसे दिसतात, हाताच्या सुया व लघवीची नळी उपसून काढण्याचा प्रयत्न होतो. काही जण उलट अगदी निपचित पडून राहतात आणि 'शांत झोपले आहेत' असा समज होऊन ही स्थिती ध्यानातच येत नाही. घरचे लोक याला वेड किंवा बाहेरची बाधा समजतात. प्रत्यक्षात तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचा असमतोल, काही औषधे, वेदना वा झोपेचा अभाव अशी त्याची शारीरिक कारणे असतात. म्हणून डॉक्टरांना तत्काळ कळवावे. योग्य उपचारांनी भ्रम बहुधा ओसरतो.

या बाबतीत नातेवाइकांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांचा अभ्यास करून १९९९ साली तो प्रसिद्ध केला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांपैकी १५ टक्क्यांना भ्रम झाला. ज्यांना चश्मा व श्रवणयंत्र वेळेवर दिले गेले, पुरेसे पाणी पाजले, हिंडवले, दिवस-तारखेची जाणीव दिली आणि रात्री निवांत झोपू दिले, त्यांच्यात हे प्रमाण ९.९ टक्के होते. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. तथापि हेच उपाय आता शस्त्रक्रियेनंतरही योजले जातात. म्हणून आईचा चश्मा घरी 'सुरक्षित' ठेवून येऊ नये. तो तिच्या डोळ्यांवर असावा. तिच्या उशाशी घड्याळ असावे आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे माणूस जवळ असावे. बिहारमधील खेड्यातून दिल्लीच्या किंवा ईशान्येतून वेल्लोरच्या रुग्णालयात आलेल्या वृद्धाला तर स्वतःच्या बोलीतील चार शब्दांचा फार मोठा आधार असतो.

घरी परतल्यावर

रुग्ण घरी आला की सेवेला प्रारंभ होतो आणि येथेच एक चूक सर्रास घडते. 'तुम्ही पडून राहा, सर्व काही हातात देऊ' असे सांगून वृद्धाला अंथरुणावर ठेवले जाते. पाणी, जेवण, कंगवा, वर्तमानपत्र, सारे जागेवर मिळते. शेजारीपाजारी अशा मुला-सुनांचे कौतुक करतात. शरीर मात्र या सेवेची भारी किंमत वसूल करते.

अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली २० वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला. त्याच पाच जणांची ३० वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की, शरीराची श्रम करण्याची क्षमता ३० वर्षांच्या वार्धक्याने जेवढी घटली, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांनी केवळ दहा दिवस अंथरुणावर काढले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग कमी झाला. निरोगी माणसाची ही गत, तर शस्त्रक्रिया झालेल्या ७५ वर्षांच्या रुग्णाची काय होत असेल, याची कल्पना करता येते. ज्या चालण्यासाठी शस्त्रक्रिया केली, ते चालणेच विश्रांतीने हिरावून घेतले जाते.

म्हणून दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालणे हा मुख्य उपचार समजावा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग अंगणात किंवा गच्चीवर, नंतर रस्त्यावर, असे अंतर वाढवीत न्यावे. अंथरुणातून उठण्याची रीत भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी देणाऱ्या तज्ज्ञाकडून शिकून घ्यावी. गुडघे वाकवून, खांदे व कंबर एकाच वेळी फिरवत ओंडक्यासारखे कुशीवर वळायचे. मग पाय पलंगाखाली सोडत कोपराच्या रेट्याने बसते व्हायचे. कंबरेतून वाकणे, पिळा देणे आणि वजन उचलणे शल्यविशारद सांगेपर्यंत टाळायचे. पाण्याची भरलेली बादली, धान्याचा डबा आणि कडेवर घेण्याचा हट्ट करणारा नातू हे तिन्ही या काळात वर्ज्य. मणके जोडले असतील, तर हाडे जुळून येण्यास कित्येक महिने लागतात. जखमेवर तेल चोळणे किंवा हाडवैद्याकडून कंबर 'बसवून' घेणे धोक्याचे आहे.

वेदनाशामक औषधांनी पोट जड राहते. त्यासाठी पाणी, पालेभाज्या, फळे आणि लागल्यास सौम्य रेचक द्यावे. पाण्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रात्री लघवीला उठावे लागले की सुनेची झोप मोडते, या संकोचाने अनेक वृद्ध दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रसंसर्ग आणि भ्रम असे विकार उद्भवतात. पलंगाजवळ कमोडची खुर्ची, हाताशी वॉकर आणि चालू दिवा असला, तर हा संकोच उरत नाही. मात्र एकट्याने उठणे सुरक्षित आहे असे तज्ज्ञाने सांगेपर्यंत रात्री कोणीतरी त्याच खोलीत झोपावे.

ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज, एकाएकी दम लागणे, पायांत नव्याने आलेला अशक्तपणा, लघवी तुंबणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सेवेचा अर्थ

पुनर्वसन म्हणजे काय, हे भारतात डॉ. मेरी व्हर्गीस यांच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखवून दिले. १९५४ साली झालेल्या मोटार-अपघातात त्यांच्या कण्याला इजा होऊन कंबरेखालचे शरीर लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि वेल्लोर येथे पुनर्वसनाचे कार्य उभे केले. तेथील पुनर्वसन संस्था १९६६ साली सुरू झाली. गमावलेल्या शक्तीचा शोक करण्यापेक्षा उरलेल्या शक्तीचा उपयोग करण्याची संधी रुग्णाला हवी असते, ही दृष्टी त्यांच्या कार्यामागे होती. शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाची अवस्था तितकी कठीण नसते, परंतु तीच दृष्टी त्याच्याही उपयोगी पडते.

या दृष्टीने पाहता, वडिलांना सदरा घालून देण्यापेक्षा ते स्वतः तो घालीत असताना दहा मिनिटे थांबणे ही अधिक अवघड सेवा होय. बसल्या जागी शेंगा सोलणे, हिशोब लिहिणे, नातवंडांचा अभ्यास घेणे यांसारखी कामे त्यांच्याकडे परत आली, तर घरातील आपले स्थान टिकून आहे ही जाणीव त्यांना चालण्याचे बळ देते. चिडचिड किंवा उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर तिच्याविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

शुश्रूषा करणाऱ्याच्याही शक्तीला मर्यादा असते. बहुतेक घरांत हा भार एकाच स्त्रीवर, मुलीवर अथवा सुनेवर पडतो आणि दूरच्या शहरातील भावंडे दूरध्वनीवरून सूचना करतात. रात्रीच्या पाळ्या, औषधांची खरेदी, तपासणीला नेणे आणि पैसा यांची वाटणी शस्त्रक्रियेपूर्वीच झालेली असावी. जे येऊ शकत नाहीत, त्यांनी सोबतीला माणूस ठेवण्याचा खर्च उचलावा. थकलेले माणूस रुग्णाला चालू देण्याइतका वेळ थांबू शकत नाही. त्याला हात धरून ओढणे किंवा झोपवून ठेवणेच सोपे वाटते.

तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रियेचे फळ पाहायचे असेल, तर त्याचे माप क्ष-किरण चित्रात शोधण्याचे कारण नाही. आई पुन्हा स्वतःच्या पायांनी बाजारात जाते काय, वाटेत किती वेळा बसते आणि कोणाला बरोबर न घेता जाण्याचा आग्रह धरते काय, एवढे पाहिले तरी पुरे.